वरचा सात

४ जुलै, शुक्रवार

आज तालमीत प्रश्न निघाला आणि आजच मिटवला. प्रश्न लोंबकळत ठेवणं मला आवडत नाही.

वाईओला नवऱ्याबरोबर बेट सोडून ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेली. ऑक्टोबरात नवीन चर्चचं उद्घाटन, आणि त्यातली एकटीने गायची ओळ आमच्या घराची. जुन्या चर्चच्या उद्घाटनाला ती आईने गायली होती. वादळाने चर्च नेलं, ओळ नेली नाही. आईनंतर ती वाईओलाकडे आली, माझ्या धाकट्या चुलत बहिणीकडे, कारण तिचा आवाज वरचा. माझा खालचा. कॉलेजच्या कॉयरमध्ये पहिल्या दिवशी मला बायकांच्या खालच्या रांगेत उभं केलं आणि मी तिथेच उभी राहिले. सांगितल्या जागी उभं राहण्यात गैर काही नाही.

मोसेसे माझा भाचा, आमचा कॉयरमास्तर. चाळिशी उलटली तरी माझ्यासमोर हात पोटावर बांधून उभा राहतो. म्हणाला, "आत्या, ती ओळ वर जाते. वरच्या सातापर्यंत. म्हणजे... लोसालिनेमामींना विचारू का?"

लोसालिने समोरच पंख्याने वारा घेत बसली होती. धक्क्याजवळच्या घरातली ती. त्यांच्या घरात आवाज पुष्कळ, ओळ एकही नाही. तिने पंखा हलवायचा थांबवला.

मी म्हटलं, "ओळ घरातच राहील. मी गाईन."

नाही म्हणणार कोण? मोसेसेची मी आत्या, आणि आमच्याकडे आत्याचा मान सगळ्यात वरचा. त्याच्या घरातलं डुक्कर, चटई, त्याने नुकतीच घेतलेली इस्त्री, काहीही मी मागितलं तर त्याने हसत द्यायचं असतं. एक ओळ काय मोठी!

घरी आल्यावर गाऊन पाहिली. आमचे सूर आकड्यांनी मोजतात; वरच्या पाचापर्यंत चढले. सहावर घसा आवळला. सातावर नुसती हवा.

७ जुलै, सोमवार

सकाळी लोसालिने पिठाचे गोल केके गरमगरम तळून घेऊन आली. "लेसी, मी शिकवते तुला."

"का?"

"मला दुसरं काम नाही."

तिला चार नातवंडं आहेत, अर्धी विणलेली चटई आहे आणि सात डुकरं आहेत. मी तसं बोलून दाखवलं.

"बरं, तुला ऐकल्यावर डुकरं सोपी वाटतात. खूश?"

तिचा हेतू माझ्या लक्षात आला आहे. मला जमत नाही हे गावाला दिसलं की ओळ आपोआप धक्क्याजवळ जाईल. पण ती ऑकलंडला होती तेव्हा गळा न फाडता आवाज वर कसा चढवायचा हे एका गाणाऱ्या बाईकडून रीतसर शिकली आहे. ज्ञान कुणाकडूनही घ्यावं.

पहिला धडा: ओठ सैल सोडायचे आणि घोड्यासारखं फुर्र करत आवाज खालून वर, वरून खाली न्यायचा.

"मी हेडमिस्ट्रेस होते," मी म्हटलं.

"घोड्याला ते माहीत नाही. कर."

केलं. लोसालिनेचे डोळे भरून आले. म्हणाली, कांदा. केकेत कांदा नव्हता.

१५ जुलै, मंगळवार

नियम लिहून ठेवते, कारण ती बडबडीत सांगते. सुरुवात मधल्या सुरांपासून. वर जायचं ते अर्ध्या सुराने, एका आठवड्यात अर्ध्यापेक्षा जास्त नाही. टोचलं, खाजलं, घोगरं झालं तर तिथेच थांबायचं. "थोडं अजून" म्हणायचं नाही. पाणी भरपूर. पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढत गायचं, म्हणजे घशावर भार येत नाही.

बुडबुडे मला आवडले. हे आणखी कुणाला सांगायचं कारण नाही.

२७ जुलै, रविवार

रविवारी काम करायचं नाही. फुर्र हे काम आहे का? पाद्रीसाहेबांना विचारलं. त्यांनी अख्खं जेवण होईस्तोवर विचार केला, दोन वेळा पानांत शिजवलेलं लू वाढून घेतलं, आणि निकाल दिला: "काम नाही वाटत, लेसिएलीबाई. पण तुमच्या तोंडाकडे बघणाऱ्याला भक्ती करणं अवघड जाईल. उद्या करा."

८ ऑगस्ट, शुक्रवार

मला वाटतं लोसालिने मुद्दाम हळू चालवते आहे. आठवड्याला अर्धा सूर! या वेगाने मी उद्घाटनाला दाराशीच उभी राहीन. आज दुपारी रताळ्यांच्या वाडीत एकटी गेले आणि छाती भरून वरचा सहा काढला. मग पुन्हा. मग सातावर गेले. मैदानाच्या टोकाला पळणाऱ्या पोरांना थांबवायचा जो आवाज होता तोच लावला. त्या आवाजाने एकदा बस थांबली होती.

शेजारच्या वाडीतला माणूस कोयता घेऊन धावत आला. त्याला वाटलं, मला डुकराने पाडलं.

१० ऑगस्ट, रविवार

आवाज गेला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लोसालिनेने शिक्षा सुनावली: आठवडाभर मौन. कुजबुजणंसुद्धा बंद, म्हणते कुजबुजल्याने घसा जास्त दमतो. कुणी काही विचारलं की मी काठीने दाखवते.

गाव चेकाळलं आहे. ज्यांना मी चाळीस वर्षांपूर्वी पाढे शिकवले ते आजोबा झालेले लोक मुद्दाम कुंपणाशी येऊन चुकीचे पाढे म्हणतात. "सात आठे चोपन्न, हो ना बाई?" मी काठी उगारते. ते आनंदाने पळतात. एकाचा गुडघा दुखतो, तरी पळतो.

लोसालिने माझ्या ओट्यावर बसून चटई विणते आणि दिवसभर एकटीच बोलते. "किती छान गप्पा झाल्या आज," म्हणून संध्याकाळी उठते.

२० ऑगस्ट, बुधवार

आवाज परत आला, आणि कसा! आज तालमीत वरचा सहा अलगद आला. जुलैत जो कडा होता तो आता दाराचा उंबरा झाला. विश्रांतीचा गुण. लोसालिनेला श्रेय द्यायला हवं. देईन केव्हातरी.

मोसेसेचा स्वरकाटा मात्र हरवला. आमच्या फळ्यावर सूर आकड्यांनी लिहिलेले असतात, तीनपासून नऊपर्यंत. मोसेसे काटा गुडघ्यावर आपटून तोंडाने 'तीन' देतो आणि बाकीचे आकडे त्या तीनच्या मागून चालतात. आता काटा नाही म्हणून तो अंदाजाने देतो. जपून ठेवायला काय होतं? मी त्याला तसं विचारलं. "चुकलं, आत्या," म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

वरचा सात!

आला. मला आला. पूर्ण, भरलेला, मैदानाएवढा. फळ्यावर सात लिहिलेला आहे आणि मी सात गायले. मी आयुष्यभर गणित शिकवलं, आकडा खोटं बोलत नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोसेसेने जरा जास्तच. लोसालिने तेवढी टाळी न वाजवता माझ्याकडे बघत होती. मत्सर. मी समजू शकते.

घरी येताना वाटेत मी पाच वर्षांच्या पोरीसारखी एका पायावर उडी मारली. अंधार पडायला आला होता, कुणी पाहिलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुरुषांच्या खालच्या रांगेत बेशिस्त माजली आहे. माझा भाऊ फिनाऊ त्या रांगेचा म्होरक्या, आणि तोच तोंड उघडतो पण आवाज येत नाही. हनुवटी छातीत रुतवून नुसता घरघरतो. त्याच्या शेजारचे दोघं तर ओळीच्या शेवटी चक्क गप्प बसतात. परवा कावाच्या मुळीचं पेय पिताना कुणी म्हणालं म्हणे, "आणखी एक शुक्रवार, की आम्ही गायचं आणि खाडीतल्या देवमाशांनी 'आमेन' म्हणायचं."

फिनाऊला मी बोलू शकत नाही. तो भाऊ, मी बहीण; आमच्याकडे त्यात मर्यादा पाळतात. आम्ही लहानपणापासून एका खोलीत बसून थट्टाही केली नाही, मग खरडपट्टी कशी काढणार? मोसेसेला सांगितलं, "तुझ्या बाबांना म्हणावं, वयाबरोबर आवाज वाढवता येतो. माझं बघा."

"सांगतो, आत्या."

"आळस आहे नुसता."

"हो, आत्या." त्याला खोकल्याची ढास लागली. कॉयरमास्तरने घसा सांभाळायला हवा. त्याला पेल्यातले बुडबुडे दाखवले.

२४ सप्टेंबर, बुधवार

लोसालिनेकडे तिच्या मुलाने पाठवलेलं छोटं कीबोर्ड आहे. ती त्यावर सूर धरून माझ्याकडून नळीतून बुडबुडे काढून घेते, पण पट्ट्यांवर रुमाल टाकते, मला बघू देत नाही. "किती वर गेले?" विचारलं तर म्हणते, "पाणी पी."

मी तिला सांगितलं की वरचा सात मला येतो, आता हा बालवाडीचा खेळ पुरे. ती म्हणाली, "फळ्यावरचा येतो."

"म्हणजे?"

"पाणी पी, लेसी."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कॉलेजचा बँड तालमीला आला. उद्घाटनाला तो आमच्याबरोबर वाजवणार आहे. ट्रकमधून पितळी तुताऱ्या, ढोल, आणि माणसाएवढं ते मोठं भोंग्याचं वाद्य उतरवलं.

बँडने सूर दिला. त्यांचा तीन.

तो कुठल्या कुठे वर होता. मला वाटलं त्यांची वाद्यं बिघडली. पण तेवढ्यात मागच्या रांगेकडे लक्ष गेलं. फिनाऊने हनुवटी वर केली. त्याच्या बाजूच्या दोघांनीही. पाण्याखाली फार वेळ राहिलेली माणसं डोकं बाहेर काढतात तसे चेहरे. आणि मग त्यांनी जो आवाज लावला, नव्या चर्चचे पत्रे थरथरले.

माझी ओळ आली. मी सहावर गेले, तिथेच घसा आवळला. सातावर जे बाहेर पडलं ते गाणं नव्हतं. गंजलेलं दार होतं.

चाळीस माणसं एकदम छताकडे बघू लागली. छत नवीन आहे, चांगलं आहे, पण इतकं नाही.

तालीम संपल्यावर मोसेसेला थांबवलं. तो माझ्यासमोर खाली मांडी घालून बसला.

"किती खाली घेतला होतास?"

"आत्या, आधी अर्धाच सूर. तुमचा आवाज गेला होता ना, म्हणून. मग तुम्हाला सहा आला. तुम्ही हसलात. तालमीत तुम्हाला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं."

"मग?"

"मग आणखी अर्धा. मग... आणखी."

"आणि काटा?"

"बाबांच्या खिशात आहे. हरवला म्हणायचं ठरलं."

"फिनाऊला माहीत होतं?"

"बाबांनीच सांगितलं, घे खाली. म्हणाले, आमचे सूर बुडाले तरी चालतील, तिला वर राहू दे." तो चटईचा धागा उपसत राहिला. "आत्या, तुम्ही नुसतं म्हणा, बँड परत पाठवतो. काहीतरी कारण सांगतो. त्यांचा ट्रक बिघडला सांगतो."

मी म्हटलं तर त्याने खरंच पाठवला असता. तीन गावांपलीकडून ती वाजवणारी माणसं आली होती, कपड्यांना इस्त्री करून.

"ऊठ," मी म्हटलं. "धागे उपसू नकोस, चटई नवीन आहे."

घरी आले. डोळ्यांत नारळाच्या किसाचा कण गेला असावा. आज नारळ खवला नव्हता, पण शेजारी खवला असेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळीच लोसालिनेकडे गेले. ती डुकरांना खायला घालत होती. उभ्या उभ्या सांगितलं, "ओळ तू गा. आईच्या घराबाहेर गेली तरी फाटकी नको जायला."

"नको."

"चाळीस वर्षं तुला हवी आहे ती."

"बेचाळीस," ती म्हणाली. "नको."

"का?"

"मी गायले तर गाव म्हणेल, लोसालिने छान गायली. ते तसंही म्हणतात. तू गायलीस तर मी शिकवलेली घोडी वर चढेल. ते मला बघायचंय." तिने बादली खाली ठेवली. "आणि तुला सात येतो."

"काल ऐकलंस ना?"

"काल तू सातला हाक मारलीस. शाळेच्या मैदानावरून. तो काही पोरगा नाही, लेसी, की भीतीने पळत येईल. माझ्याकडे नळीतून तू खरा सात काढतेस. गेल्या पंधरवड्यात एकदा आठ काढलास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू लगेच त्याची तपासणी लावली असतीस."

मी रागावून वळले, आणि तिचं ते सर्वात लठ्ठ डुक्कर बादलीत डोकं घालून अडकलं. बादलीसकट ते अंगणात धावलं, वाळत टाकलेल्या चटईत शिरलं, आणि चटई अंगाभोवती गुंडाळून, आम्ही चर्चला कमरेला चटई नेसून निघतो अगदी तसं, रस्त्याने चालू लागलं. समोरून पाद्रीसाहेब येत होते. त्यांनी सवयीने टोपी काढून नमस्कार केला.

मी हसले. थांबेना. पोट धरून तिथेच मातीत बसले.

"धर!" लोसालिने ओरडली. "तो धर, तो सूर, सोडू नकोस!"

"कुठला?"

"आता हसताना काढलास तो! पुन्हा हस. हुहूहू कर. वर टोकाला जा आणि तिथेच रहा!"

हुहूहू केलं. टोकाला राहिले. तिने धावत आत जाऊन कीबोर्डची पट्टी दाबली. खिडकीतून आवाज आला. तोच होता.

खरा सात माझ्या हसण्यात होता. एवढी वर्षं तिथे असणार. मी तिकडे फार जात नव्हते.

११ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर हसते आहे. सकाळी वीस मिनिटं, त्यातही अर्धा वेळ मधल्या सुरांवर. नियम म्हणजे नियम. वर जाताना आवाज बारीक करायचा, ढकलायचा नाही. मला हे पटत नव्हतं. आमच्याकडे देवाला बहिरा समजूनच गातात. पण बारीक आवाज टिकतो आणि जाडा तुटतो, हे दोनदा पडताळून पाहिलं.

मोसेसेला हुकूम दिला: हरवलेल्या काट्याची सबब पुरे, तीन बँडचाच दे, अर्धासुद्धा खाली नाही. "आणि मी किरकिरले तर?"

"तर छत बघू, आत्या."

हा माझ्याशी थट्टा करायला कधीपासून लागला? मी ऐकलं नाही असं दाखवलं.

काल तालमीत दहापैकी सहा वेळा सात आला. चार वेळा दार किरकिरलं. उद्घाटनाला ओळ एकदाच आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पाय अजून जमिनीला लागत नाहीत, तरी लिहून काढते.

सकाळी बुडबुडे, फुर्र, हुहूहू. आईची कमरेची चटई नेसले. ती जुनी, मऊ, कडेला तिच्या हाताने सांधलेली. चर्च खचाखच भरलं होतं, खिडक्यांतसुद्धा माणसं. बँडने तीन दिला. खरा, उंच, निर्दय तीन. मागे फिनाऊच्या रांगेने तो धरला आणि सगळं चर्च वर उचलल्यासारखं झालं.

माझ्या ओळीपाशी सगळे थांबले. नियमच आहे तसा. मी एकटी.

चारावर ठीक. पाचावर ठीक. सहापाशी दार किरकिरणार असं वाटलं. आणि मग, कसं कोण जाणे, मला चटई नेसलेलं डुक्कर आठवलं.

सात आला. मोठा नव्हता. जाळ्याच्या दोऱ्याएवढा बारीक. पण तो बाहेर पडला आणि लांबला, आणखी लांबला, तुटला नाही, आणि नव्या छतापर्यंत जाऊन शांत उतरला. मग बँड धडाडला, ढोल वाजले, सगळे एकदम गाऊ लागले, आणि मी खालच्या रांगेचा सूर गायचं साफ विसरून नुसती उभी होते, तोंड उघडं टाकून, इन्स्पेक्टर आल्यावर वर्गातली ढ पोरं उभी राहतात तशी.

जेवणाच्या वेळी मोसेसे निरोप घेऊन आला. "बाबांनी हे दिलंय." भाजलेल्या डुकराचा सगळ्यात चांगला भाग, केळीच्या पानावर. तो हक्काने मलाच येतो, त्यात विशेष काही नाही. पण पानावर फिनाऊने स्वरकाटाही ठेवला होता. मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता, मान उंच करून.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवलीच पाहिजे. मी सातावर जायच्या अगदी आधी, माझ्या मागे सगळ्या बायकांनी एकदम श्वास घेतला. लोसालिनेने सर्वांत मोठा. पुरुषांच्या रांगेतूनसुद्धा तोच आवाज आला. तिथे कुणीही श्वास घ्यायचा नाही. ती ओळ माझी एकटीची, फळ्यावर स्पष्ट रेघ मारलेली आहे. आणि घेतला तो सात गायचा असल्यासारखा, पण वापरला नाही. मी सात धरून ठेवला तेव्हा सगळ्यांनी तो हळूहळू सोडून दिला. माझ्या मानेवर वारा आल्यासारखा लागला.

लोसालिनेला जाब विचारला. ती नुसती हसत सुटली, वरच्या आठावर. इतकी वर्षं कॉयरमध्ये काढून श्वास कुठे घ्यायचा हे माणसांना कळू नये? सोमवारी सगळ्यांना फळ्यासमोर उभं करून विचारणार आहे.